रेषेचं समीकरण: उत्तर पर्यायांत नाही, तरी बरोबर? (थ्रीडी, बारावी)

संत्रानगरी_बारावी
रात्री ९:१२

नमस्कार. आमचा लाइन अँड प्लेन (रेषा आणि प्रतल) हा धडा चालू आहे. सरावपत्रिकेतलं एक गणित दुपारपासून घेऊन बसली आहे. उत्तर येऊन राहिलं, पण चार पर्यायांत ते दिसूनच नाही राहिलं.

मराठी कीबोर्डवर लिहितेय, म्हणून एक्स, वाय, झेड ऐवजी क्ष, य, झ लिहिते, लॅम्डा ऐवजी ल आणि रेषेवरच्या कोणत्याही बिंदूच्या सदिशासाठी र. सदिश कंसात लिहिते, म्हणजे (२, −१, ३) हे २ आय-कॅप − जे-कॅप + ३ के-कॅप असं समजा.

प्रश्न: (६ − क्ष)/२ = (य − ५)/(−३) = (झ + ९)/६ या रेषेचं सदिश समीकरण कोणतं?

पर्याय १: र = (२, −१, ३) + ल (२, ३, −६)
पर्याय २: र = (६, ५, −९) + ल (२, −३, ६)
पर्याय ३: र = (−६, −५, ९) + ल (−२, −३, ६)
पर्याय ४: र = (२, −१, −३) + ल (२, ३, −६)

माझं उत्तर र = (६, ५, −९) + ल (−२, −३, ६). पत्रिकेमागे उत्तर पर्याय १ दिलंय. मैत्रिणीचं म्हणणं छापण्यात चूक आहे. (२, −१, ३) हा बिंदू कुठून आला, ते कोणी सांगेल का?

---

खामल्याचा_पोट्टा
रात्री ९:२०

काहून टेन्शन घेऊन राहिली बाप्पा, दोन्ही बरोबर आहेत. तुझ्याच समीकरणात ल = २ टाक. ६ − ४ = २, ५ − ६ = −१, −९ + १२ = ३. आला ना (२, −१, ३)? तो बिंदू तुझ्या रेषेवरच आहे. दिशा (−२, −३, ६) आणि (२, ३, −६) फक्त चिन्हाने उलट्या, म्हणजे रेषा तीच, चालायची बाजू उलटी.

पर्याय २ तुला पकडायलाच ठेवलाय. (६ − क्ष)/२ मधला २ कोणी तसाच उचलला की तिथे जातो. तू आधी (क्ष − ६)/(−२) केलंस, हे महत्त्वाचं.

---

संत्रानगरी_बारावी
रात्री ९:२६

धन्यवाद दादा. पण मग एका रेषेची समीकरणं किती? पेपरात समोर वेगळंच काही दिसलं तर ते माझंच आहे हे ओळखायचं कसं? दरवेळी ल = १, ल = २ असं टाकून बघायचं?

---

फळा_आणि_खडू
रात्री १०:०५

बेटा, हा प्रश्न तू विचारलास याचा फार आनंद झाला. कनिष्ठ महाविद्यालयात आयुष्यभर हाच धडा शिकवला. मुलं सूत्रं पाठ करून येतात, सदिश रूपाचं कार्तीय रूप झरझर करून दाखवतात, पण ‘हीच रेषा का?’ एवढं विचारलं की वर्ग शांत होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अवकाशातली रेषा ठरायला दोनच गोष्टी लागतात: तिच्यावरचा कोणताही एक बिंदू आणि तिची दिशा. पुस्तकातली सगळी रूपं या दोनच गोष्टी वेगवेगळ्या जागी लिहितात.

सदिश रूप: र = अ + ल ब. इथे अ हा बिंदूचा स्थितिसदिश आणि ब ही दिशा. दोन्ही उघड दिसतात.

प्राचलिक रूप: तेच समीकरण घटकांत सोडवलं की क्ष = ६ − २ल, य = ५ − ३ल, झ = −९ + ६ल. सुट्टे आकडे बिंदूचे, ल चे सहगुणक दिशेचे.

सममित रूप: तिन्ही ओळींतून ल एकटा काढला आणि समान मांडला की अंशात बिंदू, छेदात दिशा.

दोन बिंदू दिले असतील तर वजाबाकी केली की दिशा मिळाली, पुन्हा तेच. म्हणून रूप बदलताना सूत्र आठवत बसू नये. समोरच्या समीकरणातून बिंदू वाचावा, दिशा वाचावी आणि हव्या त्या रूपात ठेवून द्यावी.

आता तुझा प्रश्न. रेषेवर बिंदू अगणित, त्यातला कोणताही घेता येतो. दिशेला शून्य सोडून कोणत्याही संख्येने गुणता येतं. म्हणून समीकरणंही अगणित. पडताळणीची सरळ रीत दोन पायऱ्यांची. पहिली, दिशा प्रमाणात आहेत का? दुसरी, एका समीकरणातला बिंदू दुसऱ्यात टाकला तर बसतो का? पर्याय ४ ची दिशा बरोबर आहे, पण (२, −१, −३) तुझ्या मूळ समीकरणात टाकून बघ: पहिला अपूर्णांक २, दुसरा २, तिसरा १. बसत नाही. ती समांतर रेषा झाली. पर्याय ३ मध्ये बिंदूची तिन्ही चिन्हं उलटली आहेत. तिथे ६ आणि १०/३ येतात, तिसरा अपूर्णांक काढायचीही गरज नाही.

याहून सुंदर एक रीत आहे. ती उद्या लिहितो, आज उशीर झाला.

---

जेईई_धडपड
रात्री १०:३१

सर, ‘छेदात दिशा’ म्हणालात, पण हे बघा: (२क्ष − १)/३ = (४ − य)/२ = झ + ५. आमच्या बॅचमध्ये निम्म्यांनी दिशा (३, २, १) लिहिली आणि बिंदू (१, ४, −५).

---

शिकवणी_नंदनवन
रात्री १०:४४

मी बारावीच्या मुलांना घरी शिकवते, हे रोज बघते. सममित रूपात क्ष, य, झ चे सहगुणक +१ असल्याशिवाय छेद वाचायचाच नाही. ही अट माझ्या मुलांच्या वहीत पहिल्या पानावर असते.

पण त्याहून सुरक्षित म्हणजे सगळं = ल ठेवून प्राचलिक रूपात जाणं. इथे २क्ष − १ = ३ल, म्हणून क्ष = १/२ + (३/२)ल. ४ − य = २ल, म्हणून य = ४ − २ल. झ = −५ + ल. दिशा (३/२, −२, १), दुप्पट केली की (३, −४, २). बिंदू (१/२, ४, −५). त्यात अपूर्णांक नको असेल तर ल = १ टाका, (२, २, −४) मिळेल. आता स्वच्छ लिहा:

र = (२, २, −४) + ल (३, −४, २)

चिन्हाची आणि सहगुणकाची, दोन्ही गडबडी इथे होतच नाहीत, कारण छेदाकडे बघून अंदाज करायची वेळच येत नाही. एक ओळ जास्त लागते, लागू द्या. सीईटीला ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न असतात हे मला ठाऊक आहे, तरी ही ओळ गाळू नका.

---

खामल्याचा_पोट्टा
रात्री ११:०२

बारावीत असताना मला सगळ्यात जड गेलं ते दोन प्रतलांचं. रेषा दोन प्रतलांच्या छेदाने दिली असते आणि सममित रूप मागतात. उदाहरण घेतो:

क्ष + २य − झ = ३
२क्ष − य + झ = ४

दिशा म्हणजे दोन्ही नॉर्मलचा (प्रतलांना लंब असलेल्या सदिशांचा) क्रॉस प्रॉडक्ट, म्हणजे त्या दोघांनाही लंब असणारा सदिश. (१, २, −१) × (२, −१, १) = (१, −३, −५).

बिंदूसाठी सगळे झ = ० ठेवतात. इथे ठेवलं तर क्ष = ११/५, मग पुढे अपूर्णांकांची रांग. त्यापेक्षा दोन्ही समीकरणं मिळव, झ उडतो: ३क्ष + य = ७. आता क्ष = २ घेतला की य = १, झ = १. बिंदू (२, १, १), पूर्णांकात.

(क्ष − २)/१ = (य − १)/(−३) = (झ − १)/(−५)

उलटं जायचं असेल तर दोन-दोन अपूर्णांकांच्या जोड्या घे. पहिली जोडी देते ३क्ष + य = ७, पहिला आणि तिसरा देतात ५क्ष + झ = ११. ही सुरुवातीची प्रतलं नाहीत, पण रेषा तीच. पहिल्याची दुप्पट करून दुसरं वजा केलं की क्ष + २य − झ = ३ परत हातात. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की २क्ष − य + झ = ४. एका रेषेतून जाणारी प्रतलं अगणित, त्यातली कोणतीही दोन वेगळी प्रतलं घेतली की काम झालं.

---

जेईई_धडपड
रात्री ११:१५

दादा, क्ष + य + झ = ६ आणि क्ष + य − झ = २ करून बघ ना. झ = ० ठेवलं तर क्ष + य एकदा ६ येतं, एकदा २. मग रेषाच नाही का?

---

खामल्याचा_पोट्टा
रात्री ११:२४

रेषा आहे, पण ती झ = ० या प्रतलाला कधी भेटतच नाही. वजाबाकी कर: झ = २. सगळी रेषा त्या उंचीवर आडवी पसरली आहे. मग क्ष + य = ४. दिशा (१, −१, ०), बिंदू (४, ०, २). झ = ० ने विसंगती आली की घाबरायचं नाही, क्ष = ० किंवा य = ० ठेवून बघायचं.

सममित रूप: (क्ष − ४)/१ = य/(−१) = (झ − २)/०

---

शिकवणी_नंदनवन
दुसऱ्या दिवशी, सकाळी ७:१८

छेदात शून्य लिहिण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. शून्याने भागता येत नाही हे आपण मुलांना लहानपणापासून सांगतो आणि बारावीत येऊन तेच कागदावर लिहायला लावतो. सरळ लिहा: (क्ष − ४)/१ = य/(−१), झ = २. यात काय कमी पडतं?

---

फळा_आणि_खडू
सकाळी ८:४०

ताई, तुमची काळजी मला समजते, पण इथे भागाकार नाहीच. सममित रूप म्हणजे प्रमाण आहे: (क्ष − ४) : य : (झ − २) = १ : −१ : ०. प्रमाणात शून्य चालतं. त्याचा अर्थ एवढाच की त्या जागचा अंशही शून्य असलाच पाहिजे. ही जुनी मान्य रीत आहे आणि स्पर्धा परीक्षांच्या पर्यायांत छेदात शून्य हमखास दिसतं. मुलांना ते वाचता आलंच पाहिजे.

---

मिहानवाली
सकाळी ९:०५

मी नागपूरच्या मिहानमध्ये सॉफ्टवेअरचं काम करते, थ्रीडी ग्राफिक्सचं. आमच्याकडे रेषा कायम प्राचलिक रूपातच ठेवतात: एक सुरुवातीचा बिंदू, एक दिशा. किरण असेल तर ल शून्यापेक्षा कमी होऊ द्यायचा नाही, दोन बिंदूंमधला तुकडा असेल तर ल ० ते १. सममित रूपात हे दोन्ही सांगायला जागाच नाही.

आणि शून्याचं म्हणाल तर किरण खोक्याला कुठे लागतो हे काढताना दिशेच्या घटकाने खरंच भागावं लागतं. दिशेचा एक घटक शून्य असला तर संगणकाच्या दशांश गणितात उत्तर अनंत येतं आणि पुढची तुलना बहुतेक वेळा नीट चालते. पण शून्य भागिले शून्य झालं की सगळं बिघडतं, त्यासाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. त्यामुळे ताईंचं आणि सरांचं, दोन्ही मला पटतं.

---

शिकवणी_नंदनवन
सकाळी ९:३०

सर, प्रमाणाचा मुद्दा मान्य. पर्यायात दिसलं तर मुलांनी ‘अंशही शून्य’ असं वाचावं. पण बोर्डाच्या लेखी उत्तरात मी झ = २ वेगळंच लिहायला सांगणार.

---

फळा_आणि_खडू
सकाळी ११:१०

त्याला माझी हरकत नाही.

आता कालची राहिलेली रीत. बोर्डाच्या धड्यात रेषेचं नॉन-पॅरामेट्रिक रूप येतं: र × ब = अ × ब. बहुतेक जण ते वाचून पुढे जातात, कारण त्यावर गणितं कमी. माझ्या मते सगळ्या धड्यातलं मोलाचं वाक्य तेच.

उजवीकडचा अ × ब बघा. रेषेवरचा बिंदू बदलला, म्हणजे अ च्या जागी अ + ल ब घेतला, तर (अ + ल ब) × ब = अ × ब, कारण ब × ब शून्य. बिंदू कोणताही घ्या, हा सदिश हलत नाही! याला रेषेचा मोमेंट म्हणतात.

बेटा, तुझ्या गणितावर करून दाखवतो. पत्रिकेतला बिंदू: (२, −१, ३) × (२, ३, −६). पहिला घटक (−१)(−६) − (३)(३) = −३. दुसरा (३)(२) − (२)(−६) = १८. तिसरा (२)(३) − (−१)(२) = ८. मोमेंट (−३, १८, ८).

तुझा बिंदू, दिशा तीच ठेवून: (६, ५, −९) × (२, ३, −६). पहिला −३० + २७ = −३. दुसरा −१८ + ३६ = १८. तिसरा १८ − १० = ८. पुन्हा (−३, १८, ८).

दिशा आणि मोमेंट मिळून सहा आकडे झाले: (२, ३, −६) आणि (−३, १८, ८). दिशेला एखाद्या संख्येने गुणलं तर मोमेंटलाही त्याच संख्येने गुणलं जातं. एवढं सोडलं तर रेषेचे हे सहा आकडे पक्के. दोन समीकरणांचे सहाच्या सहा आकडे एकाच प्रमाणात आले की रेषा एक, नाहीतर वेगळ्या. हे जर्मन गणिती युलिउस प्लूकर यांचे निर्देशक. त्यांनी १८६० च्या दशकात रेषेलाच मूळ घटक मानून अवकाशाची भूमिती मांडली. १८६८ मध्ये ते गेले आणि त्यांचं अपुरं राहिलेलं पुस्तक त्यांचे विद्यार्थी फेलिक्स क्लाइन यांनी पूर्ण केलं.

एक चाचणीही फुकट मिळते. दिशा आणि मोमेंट नेहमी काटकोनात, म्हणून त्यांचा डॉट प्रॉडक्ट (जोडीजोडीने घटक गुणून केलेली बेरीज) शून्य यायलाच हवा. इथे −६ + ५४ − ४८ = ०. नाही आला तर क्रॉस प्रॉडक्ट पुन्हा करा.

---

संत्रानगरी_बारावी
दुपारी १:४७

सर, वहीत उतरवून घेतलं. खूप छान वाटलं करून. पण पेपरात हे वापरू का?

---

फळा_आणि_खडू
दुपारी २:१५

बहुपर्यायी प्रश्नात बिंदू टाकून बघणं लवकर होतं, तिथे तेच कर. मोमेंटची खरी मदत अंतराच्या गणितांत होते. जसं, मूळ बिंदूपासून, म्हणजे (०, ०, ०) पासून, रेषेचं अंतर म्हणजे मोमेंटची लांबी भागिले दिशेची लांबी. तुझ्या रेषेसाठी √(९ + ३२४ + ६४) भागिले ७, म्हणजे √३९७/७. लंबपाद, म्हणजे लंब रेषेला जिथे टेकतो तो बिंदू, काढायची गरज पडली नाही.

आणि दिशेची लांबी ७ आहे हे बघून ठेव: ४ + ९ + ३६ = ४९. दिशा ७ ने भागून (२/७, ३/७, −६/७) केली की त्या दिक्कोज्या (डायरेक्शन कोसाइन), म्हणजे एक एकक लांबीच्या दिशेचे घटक. मग ल म्हणजे थेट अंतर होतं. ‘रेषेवर (२, −१, ३) पासून १४ एकक दूरचे बिंदू’ असं विचारलं तर ल = १४ आणि −१४ टाकायचं: (६, ५, −९) आणि (−२, −७, १५). पत्रिकेतला बिंदू आणि तुझा बिंदू १४ एककांवर आहेत.

---

जेईई_धडपड
संध्याकाळी ६:३०

मला स्क्यू लाइन्स डोळ्यासमोर येतच नाहीत. कागदावर दोन रेषा काढल्या की एकतर कापतात, नाहीतर समांतर. आणि छेदबिंदू काढताना दोन्हीकडे ल घेतला तर उत्तर येत नाही, असं का?

---

खामल्याचा_पोट्टा
संध्याकाळी ६:५२

कधी कामठी रोडने गड्डीगोदामला जाऊन उभा राहा. खाली रस्ता, त्याच्या वर रेल्वे, तिच्या वर उड्डाणपूल, सगळ्यात वर मेट्रो. मेट्रो आणि उड्डाणपूल एकमेकांना समांतर. मेट्रो आणि रेल्वे समांतर नाहीत, नकाशावर एकमेकांना कापतात, पण खऱ्यात कुठेच भेटत नाहीत. त्या स्क्यू. आणि नागपूर स्टेशनजवळच्या डायमंड क्रॉसिंगवर रूळ एकाच पातळीत एकमेकांना कापतात, त्या खऱ्या छेदणाऱ्या रेषा. तिन्ही प्रकार आपल्या गावात आहेत.

सोपे आकडे धरतो, खरी मापं नाहीत. मेट्रो: (ल, २ल, ५). रेल्वे: (३ + २म, १ − म, ०). दोन गाड्या वेगवेगळ्या चालतात, त्यामुळे दोन वेगळी अक्षरं, ल आणि म. दोन्हीकडे ल घेतला म्हणजे एकाच क्षणी एकाच जागी या, अशी अट आपणच लादली. रेषा कापतात का, हा प्रश्न वेळेचा नाही, जागेचा आहे.

नकाशावर बघू: ल = ३ + २म आणि २ल = १ − म. सोडवलं की म = −१, ल = १, जागा (१, २). तिसरा घटक मात्र एकीकडे ५, दुसरीकडे ०. पहिल्या दोनांतून ल आणि म काढायचे, तिसऱ्यात तपासायचं. बसलं तर छेदबिंदू. बसलं नाही आणि दिशा समांतर नसल्या तर स्क्यू.

---

फळा_आणि_खडू
रात्री ८:२०

फार नेमकं उदाहरण. याच दोन रेषांवर मोमेंट चालवून बघू या.

मेट्रो: बिंदू (०, ०, ५), दिशा (१, २, ०), मोमेंट (−१०, ५, ०).
रेल्वे: बिंदू (३, १, ०), दिशा (२, −१, ०), मोमेंट (०, ०, −५).

पहिलीची दिशा डॉट दुसरीचा मोमेंट = ०. दुसरीची दिशा डॉट पहिलीचा मोमेंट = −२० − ५ = −२५. बेरीज −२५. ती शून्य आली असती तर दोन्ही रेषा एका प्रतलात असत्या. नाही आली, म्हणून स्क्यू.

अंतर हवं असेल तर बेरजेची किंमत चिन्ह सोडून घ्यायची आणि दिशांच्या क्रॉस प्रॉडक्टच्या लांबीने भागायची: क्रॉस (०, ०, −५), लांबी ५, म्हणून २५/५ = ५. डोळ्यांनी दिसणारा उंचीतला फरकच आला. पुस्तकातलं लघुतम अंतराचं सूत्र हेच आहे, फक्त तिथे दोन बिंदूंची वजाबाकी आत बसलेली असते.

---

मिहानवाली
रात्री ८:४५

ज्यांना चित्र हवंय त्यांनी मोबाइलवर जिओजेब्राचं थ्रीडी कॅल्क्युलेटर घ्या, फुकट आहे. दोन्ही रेषा टाका आणि बोटाने दृश्य फिरवा. बरोबर वरून बघितलं की त्या कापताना दिसतात, जरा कलतं केलं की मधली जागा उघडते. संत्रानगरी, तू तुझं उत्तर आणि पर्याय १, दोन्ही टाकून बघ, एकच रेषा दिसेल.

---

संत्रानगरी_बारावी
रात्री ९:५०

ताई, बघितलं. एकावर एक बसल्या.

सर, पत्रिकेतलं पुढचं गणितही केलं: ३क्ष − ६ = २य + ४ = ६ − झ ही रेषा आणि पहिली रेषा यांतलं अंतर. शिकवणी ताईंच्या रीतीने सगळं = ल ठेवलं. क्ष = २ + ल/३, य = −२ + ल/२, झ = ६ − ल. दिशा (१/३, १/२, −१), सहापट केली की (२, ३, −६). दिशा तीच निघाली! बिंदू (२, −२, ६).

मोमेंट: (२, −२, ६) × (२, ३, −६) = (−६, २४, १०). पहिलीचा (−३, १८, ८) होता. वेगळा, म्हणजे रेषा समांतर, एक नाही. दोन मोमेंटची वजाबाकी (३, −६, −२), लांबी √(९ + ३६ + ४) = ७. दिशेच्या लांबीने भागलं, ७/७ = १. समांतर रेषांसाठी असं चालतं ना?

---

फळा_आणि_खडू
रात्री १०:१२

चालतं, दिशा दोन्हीकडे हुबेहूब एकच घेतली असेल तर. तू सहापट करून ती एक केलीस, म्हणून वजाबाकीला अर्थ आहे. एका रेषेची दिशा (−२, −३, ६) ठेवली असतीस तर मोमेंटचं चिन्ह उलटं येऊन वजाबाकी चुकली असती.

---

शिकवणी_नंदनवन
रात्री १०:३०

लेखी परीक्षेसाठी हेच लंबपादाने करून ठेवते, पायऱ्यांचे गुण मिळतात.

दुसऱ्या रेषेवरचा बिंदू (२, −२, ६). पहिल्या रेषेवरचा कोणताही बिंदू (२ + २ल, −१ + ३ल, ३ − ६ल). वजाबाकी (२ल, १ + ३ल, −३ − ६ल). ती दिशेला लंब हवी, म्हणून (२, ३, −६) शी डॉट शून्य: ४ल + ३ + ९ल + १८ + ३६ल = ०, म्हणजे ४९ल = −२१, ल = −३/७.

लंबपाद (८/७, −१६/७, ३९/७). वजाबाकी (−६/७, −२/७, −३/७). ३६ + ४ + ९ = ४९, तेव्हा अंतर ७/७ = १. जुळलं.